दोऱ्याखालची गाठ

कोल्हापूर
जानेवारी २००७

प्रिय मल्लव्वास,

आधी 'पळपुट्या मल्लव्वास' असं लिहिलं होतं, मग खोडलं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर, त्यात हात नीट चालत नाही, तेव्हा वाकडंतिकडं दिसलं तर हसू नको. पत्र पोस्टात टाकलं नाही. तुझ्या घरात कोण फोडंल आणि काय वाचंल, नेम नाही. शेजारची बयाबाई तुमच्या बाजाराला बांगड्या घेऊन येते, तिच्या हातनं दिलंय. तिला वाचता येत नाही आणि नसत्या चौकशा करायची खोड नाही. वाचून झालं की चुलीत घाल.

कामाचं आधी. तुझ्या गळ्यातली गाठ काढून तपासायची राहिलीय. डॉक्टरीणबाईंनी येत्या गुरुवारी परत नंबर लावलाय. ये. मला तेवढंच सांगायचं होतं, पण तू नुसत्या सांगण्यानं ऐकणारी नव्हेस, म्हणून बाकीचंही लिहिते.

आपली ओळखच गाठीवरनं झाली की. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांची रांग, आणि भिंतीकडचं ते बाकडं. तिथं बाया नाव विचारायच्या आधी दुखणं विचारतात. तू पदर मानेशी आवळून बसलेली. मी विचारलं, ओ पाव्हणीबाई, तिथं काय सोनं लपवलंय? आणि तू व्हय-न्हाय म्हणायच्या आत हात लावून बघितला. माझ्याही मानेत गाठी होत्या, लसणाच्या पाकळ्यांसारख्या एकीला एक चिकटलेल्या. तुझ्या सासूनं गंडमाळ समजून कसलीशी मुळी बांधलेली. मी म्हटलं, मुळीनं गाठ जात असती तर सरकारनं हा दवाखाना कशाला बांधला असता? तू हसलीस. नवरे दोघींचे ट्रकवरचे, दोघांनी हाच आजार घरी आणला आणि स्वतः मरून गेले, आणि आपण दोघी खिदळतोय. सगळी रांग बघत राहिली.

आपण बाकड्यावरच्या बाया तिथंच चुकतो बघ. आजार एक, मग गाठ एक आणि गोळीही एक, असं आपलं गणित. माझ्या गाठीत सुई घातली, टीबी निघाला, गोळ्यांनी गाठी विरघळल्या. तुझ्या सुईत काही कळेना, पण आपल्यासारख्यांना बहुतेक वेळा टीबीच असतो, म्हणून तुलाही त्याच गोळ्या सुरू केल्या. तू मात्र दर खेपेला तुम्हा लिंगायतांच्या गळ्यातल्या त्या इष्टलिंगाचा दोरा जरा लांब करून यायचीस. दोरा रुततोय गं शालनक्का, म्हणायचीस. ते मला सांगायचीस, डॉक्टरांसमोर मुकी! दोरा कशाला आटतोय बाई. गाठ वाढत होती. रात्री घामानं अंथरूण भिजायचं, चोळ्या ढगळ व्हायला लागल्या, तेही तू उन्हाळ्यावर ढकललंस.

गाठ काढायच्या ऑपरेशनच्या दिवशी तू दवाखान्याचा झगा घालून बसलीस आणि मी खाली चहा आणायला गेले. येऊन बघते तर खाट मोकळी. झगा घडी घालून ठेवलेला, वा गं शिस्त! मी एवढी चिडले की दोन्ही चहा मीच प्याले. मला वाटलं, तुझ्या बसवेशची सोयरीक चाललीय, पोरगं कागलच्या एमआयडीसीत परमनंट झालंय, मानेवर टाके दिसले तर मुलीकडचे चार प्रश्न विचारतील, म्हणून पळाली. महिनाभर मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या.

परवा सिस्टर सहज बोलल्या, 'गळ्यातलं सगळं काढा म्हटलं, तशा त्या उठूनच गेल्या.' तुझ्या गळ्यात मंगळसूत्र तर नाही, मग काढायचं काय? आम्ही बुद्धाची माणसं, आमच्या गळ्यात असलं काही नसतं, म्हणून डोक्यात यायला वेळ लागला. इष्टलिंग अंघोळीला काढत नाही, मेल्यावरही अंगावरच राहतं, हे तूच सांगितलेलंस. अगं, मग तिथं तोंड उघडायचं नाही होय?

मी तशीच डॉक्टरीणबाईंकडं गेले. दोरा कसा लांब होत गेला तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मानेवर नको एवढंच, हातात धरून झोपू दे की, अंगावरनं काढायला कोण सांगतंय? भूल फक्त मानेपुरती, तू जागीच असणार. रोज पूजेला डाव्या तळहातावर घेतेस, तसंच तिथं धरायचं. झालं! एवढ्यासाठी महिना घालवलास.

त्यांनी अजून एक सांगितलं. शितावरनं भाताची परीक्षा इथं दर वेळी होत नाही. सुईत थोडंच येतं, तुझी गाठ अख्खी काढून काचेखाली बघायला पाहिजे. टीबी असंल नाहीतर लिंफोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर. आपल्या आजारात दोन्ही होतात, कधी एकदमही होतात. दिसायला सारखे, औषधं निराळी. कॅन्सर निघाला तरी त्यावर औषध आहे. उशिरावर नाही. बसवेशला एवढंच सांग, मानेतली गाठ काढायचीय, ते काही खोटं नाही.

आता माझा हात का चालत नाही ते सांगते. उजव्या काखेत नवी गाठ आलीय. वेणीसुद्धा बयाबाई घालून देते. सुई घातली, टीबी दिसला नाही, आणि कशाची आहे तेही कळलं नाही. शुक्रवारी माझी काढणार. सोबत कोण, असं सिस्टरनी विचारलं. भाऊसोला फोन केला होता. सख्खा भाऊ, पण माझा आवाज ऐकून ठेवून दिला. माझ्या तोंडातनं तुझंच नाव गेलं, बहीण म्हणून. आता तू आली नाहीस तर मी खोटी पडेन. मी जन्मात कुणाची विनवणी केली नाही, तुझीही करत नाही. पण मला भ्या वाटतंय गं मल्लव्वा. गुरुवारी दारात मी बसते, शुक्रवारी तू बस. आत जाईपर्यंत डावा हात तुझ्या देवाचा, उजवा माझ्याकडं दे. चहा दोनच आणीन. या खेपेला दोन्ही मला प्यायला लावू नको.

तुझीच,
शालनक्का