डॉक्टरांच्या कोटाचं बटण

६ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे गेल्या आठवड्यात आजारपणाच्या सरकारी भत्त्याच्या वैद्यकीय तपासणीला जाऊन आलो. निकाल आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. सगळं झकास झालं.

राखाडी सूट आदल्या दिवशीच इस्त्री होऊन तयार होता. तपासणीला सूट कशाला, असं तू म्हणशील. पण शिंपी माणूस चुरगळलेल्या शर्टात गेला तर लोक काय म्हणतील? लिफ्ट बंद होती. कठड्याला धरून का होईना, दोन जिने चढलो. बाहेरच्या बाकावर दीड तास बसवलं. खोलीत एक वजनकाटा, एक उंच पलंग आणि भिंतीवर माणसाच्या नसांचं रंगीत चित्र. डॉक्टर तरुण, पण चेहरा दमलेला. चालून दाखवा, वाका, बोट नाकाला लावा, असं सगळं झालं. दुखणं कसं आहे विचारलं, तर म्हटलं चाललंय. झोप लागते का, तर म्हटलं लागते. परक्या माणसापुढे रडगाणं कशाला गायचं?

आता गंमत ऐक. त्यांच्या पांढऱ्या कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. ते लिहीत होते आणि माझं सगळं लक्ष त्या बटणाकडे. शेवटी राहवेना. म्हटलं, काढा तो कोट. दोरा ओवलेली सुई माझ्या कॉलरमागे असतेच. आठ टाके घातले, खाली दोऱ्याचे वेढे देऊन पक्कं केलं. डॉक्टर बघतच राहिले. उठून हात मिळवला. माणूस खूश झाला, म्हणजे काम फत्ते समज.

तुझी भावजय सुखरूप आहे, नमस्कार सांगते. गुडघ्याला जप. लोभ आहेच, मला दोन रागाचे शब्द लिहिलेस तरी तो राहू दे.

तुझा,
सुतळ्या


११ फेब्रुवारी

चि. सुतळ्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे दीडशहाण्या! पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. नसांच्या दुखण्याने हात चालत नाहीत म्हणून भत्ता मागायला गेलास आणि डॉक्टरांचं बटण लावून देऊन आलास? आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर तो असा, सुबक आठ टाक्यांचा!

मी तेहतीस वर्षं सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेली बाई आहे. तिथे जे डोळ्यांना दिसतं आणि तोंडाने सांगितलं जातं तेच कागदावर उतरतं. तू चाललंय म्हणालास की तिथे चाललंय असंच लिहिणार. तुझ्या मनातलं वाचायला त्यांना वेळ नसतो आणि त्याचा पगारही नसतो.

भावजय सकाळी लाँड्रीत राबते, दुपारी दवाखान्याच्या साफसफाईला जाते. भत्ता मंजूर झाला तर ती दुपारचं काम सोडेल आणि तुझ्यापाशी कोणीतरी असेल. एवढ्यासाठी हा खटाटोप चाललाय, हे विसरू नकोस. लहानपणी काटकुळा होतास म्हणून मी तुला सुतळ्या म्हटलं, पण अक्कलही तेवढीच बारीक राहील असं वाटलं नव्हतं.

निकाल आला की लगेच कळव. रागावले आहे, तरी माया आटलेली नाही.

तुझी,
ताई


२ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं झालं. अर्ज नामंजूर. अहवालाची प्रत सोबत आली आहे. त्यात लिहिलंय, अर्जदार स्वतःच्या पायांनी दोन जिने चढून आले, पोशाख व्यवस्थित, दैनंदिन तक्रार नाही, तपासणीदरम्यान उत्तम हस्तकौशल्य दाखवले.

हसू नकोस, पण उत्तम हस्तकौशल्य हे शब्द मी तीनदा वाचले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मान डोलावली, पण लेखी असं कोणी दिलं नव्हतं. मग ध्यानात आलं की त्याच शब्दांनी माझा घात केला आहे. त्या डॉक्टरांचा मला राग येत नाही. त्यांनी पाहिलं ते लिहिलं.

तीस दिवसांत अपील करता येतं म्हणे. मी करणार नाही. तिघांच्या मंडळापुढे उभं राहून मला काही येत नाही हे पटवून द्यायचं, ते माझ्याच्याने होणार नाही. आमचं बरं चाललं आहे. दुकान उघडतो, माणसं येतात. तू काळजी करू नकोस.

ही नमस्कार सांगते. लोभ ठेव, आग्रह मात्र ठेवू नकोस.

तुझा,
सुतळ्या


५ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहीत आहे. जेवणाच्या सुट्टीत, लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून. वेडंवाकडं अक्षर माफ करा.

ह्यांनी तुम्हाला बटणाचं लिहिलं, पण नंतरचं काही लिहिलं नसणार. त्या दिवशी ते रस्त्यातल्या बाकावर बसून राहिले. पाय उचलेनात. शेजाऱ्यांनी पाहिलं म्हणून धरून घरी आणलं. पुढे दोन दिवस चमचा धरता आला नाही. मी भरवत होते आणि ते भिंतीकडे बघत जेवत होते. कॉलरमागची सुई रोज सकाळी मी ओवून देते. सूटही मीच इस्त्री केला होता.

वन्सं, सात महिन्यांत दुकानात एक कोट शिवून झालेला नाही. गिऱ्हाईक आलं की सांगतात, हातात काम फार आहे, दोन महिने तरी जमायचं नाही. मग दिवसभर कापायच्या टेबलाशी खडू घेऊन बसतात. संध्याकाळी मलाही तेच सांगतात आणि मीही मान हलवते.

गेल्या आठवड्यात मी दुपारच्या कामावर असताना ह्यांचा तळहात गरम इस्त्रीवर टेकला. हाताला कळलंच नाही. जळल्याचा वास आला तेव्हा खाली पाहिलं. जखम अजून ओली आहे. दुपारी मी दवाखान्याच्या फरश्या पुसते, पण जीव घरी असतो. अपिलाच्या कागदावर ह्यांचीच सही लागते. माझं ते ऐकत नाहीत. तुमचा शब्द ते कधी मोडत नाहीत, म्हणून तुम्हाला घातलं हे साकडं.

मी चहाडी केली असं मनात आणू नका. तुमची माया आमच्यावर आहे, तिच्या भरवशावर लिहिलं.

आपली,
धाकटी भावजय


९ मार्च

चि. सुतळ्यास,
अनेक आशीर्वाद.

मला भावजयीने सगळं कळवलं आहे. इस्त्रीचंही. तिच्यावर आवाज चढवलास तर गाठ माझ्याशी आहे.

आज ओरडणार नाही. एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. माझ्या खिडकीशी एकदा एक गवंडी आला होता, पाठीच्या दुखण्याचा अर्ज घेऊन. गुळगुळीत दाढी, बुटांना पॉलिश. मी मनात म्हटलं, हा कसला आजारी! कागदावर शेरा मारला की प्रकृती चांगली दिसते. अर्ज फेटाळला गेला. त्याने माझे आभार मानले, वळला आणि दाराशी भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिला. मी ते पाहिलं आणि पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.

तुझं सुटाचं वाचलं तेव्हा हसले होते. नंतर तो गवंडी डोळ्यांसमोर आला. घरी त्याची दाढी कोणी केली असेल, बूट कोणी पुसले असतील, हा विचार मी तेव्हा केला नाही. मी चुकले रे. मला त्याचं नावही आता आठवत नाही. तू माझ्यासारख्या बाईच्या हातात निकाल सोडून देऊ नकोस. तिला तोंडाने सांग. तू सांगितलं नाहीस तर तिला कळणार नाही.

सही कर. मी येते, तुझ्या शेजारी बसते.

तुझ्यावरचा जीव तसाच आहे, आज जरा जास्तच.

तुझी,
ताई


१४ मार्च

ताई,

सही केली आहे. कागद टपालात टाकला.

तू येऊ नकोस. तुझ्यासमोर मला ते बोलता येणार नाही.

सुतळ्या


२० मे

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस. सांगतोय मी, लिहितेय तुझी भावजय. मध्येमध्ये पदरचं घालते आहे, तेवढं चालवून घे. दोन महिने पत्र पाठवलं नाही, त्याबद्दल कान धरतो.

मंडळापुढे जाताना सूट घातला नाही. घरातला सदरा घातला, वरची दोन बटणं उघडीच राहिली, ती तशीच ठेवली. लांबलचक टेबल, पलीकडे तिघं, मधे चष्मेवाल्या पोक्त बाई. त्यांनी फाईल उघडली ती नेमकी बटणाच्या पानावर. मी मनात म्हटलं, झालं कल्याण. बाईंनी विचारलं, सुईत दोरा कोणी ओवला होता? मी हिच्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी विचारलं की बटण लावून झाल्यावर त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत?

ताई, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. घरी जाऊन आराम केला, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तुझा तो गवंडी आठवला. मग बाकाचं सांगितलं, भरवण्याचं सांगितलं, हाताची पट्टी सोडून तळवा दाखवला. शेवटचा कोट कधी शिवलात, असं विचारलं. नऊ महिने झाले, आता हात चालत नाहीत, असं म्हणालो. हिला सगळं ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून हिने ते त्या दिवशीच ऐकलं. बाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. लिहून घेतलं आणि पाणी हवं का विचारलं. पाणी मी पाजलं, असं ही इथे लिहिते आहे. खरं आहे ते.

काल निकाल आला. भत्ता मंजूर. हिने दुपारचं काम सोडलं. शेजारीपाजारी येऊन अभिनंदन करून गेले. मीही हसून सगळ्यांना या, बसा केलं. मग कागद वाचला. त्यात लिहिलंय की अर्जदार शिंपीकाम करण्यास कायमचे असमर्थ आहेत. खाली तीन सह्या आणि शिक्का. हेच वाक्य मिळवायला आपण तीन महिने झगडलो ना गं? आणि मिळालं तेव्हा कागद मी उलटा करून ठेवला. चौदाव्या वर्षी कात्री धरली. त्याआधी मी काय होतो तेही आठवत नाही.

म्हणून एक मागणं आहे. अभिनंदनाचं पत्र इतक्यात पाठवू नकोस. आधी दुखवट्याचं पाठव.

आम्हा दोघांचा नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त तो इथून हलू देऊ नकोस.

तुझा,
सुतळ्या


२४ मे

सुतळ्या,

दुखवट्याच्या पत्राला वर आशीर्वाद लिहीत नाहीत, म्हणून लिहिला नाही.

तुझे हात गेल्याचं कळलं. फार फार वाईट वाटलं. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. तू आठ वर्षांचा असताना त्यांनी माझा फाटलेला झगा शिवला होता. आईला नंतर फाटलं कुठे होतं तेच सापडेना, आणि माझा मार वाचला. मी नोकरीवर रुजू झाले तेव्हाचा कोटही त्यांचाच, तू तेव्हा नवशिका होतास. तो घालून मी पहिल्यांदा त्या खिडकीत बसले तेव्हा कामातलं काही कळत नव्हतं, पण खांदे ताठ होते. फार गुणी होते रे ते हात. त्यांच्यासारखे पुन्हा व्हायचे नाहीत, आणि त्यांच्यावाचून तुला दिवस काढायचे आहेत, हे मला कळतं.

शहाणपणाचं काही सांगत नाही. रविवारी पहिल्या गाडीने येते आहे. गुडघ्याचं निमित्त सांगून मला अडवू नकोस. भावजयीला म्हणावं, माझ्यासाठी काही करत बसू नको, तूही आमच्यात येऊन बस. तिघं मिळून रडू. अभिनंदनाचं मग केव्हातरी बघू.

तुझ्या दुःखाची वाटेकरी,
ताई