टेन्शनच्या भाकरी

लातूर, शुक्रवार

ति. विनोद मामांना धम्मप्रियाचा सप्रेम जय भीम.

तुमची तब्येत ठणठणीत असेलच. आजोबांचा गुडघा, मामींची ॲसिडिटी आणि तुमची मोटारसायकल, तिघांचंही बरं चाललेलं असावं. (मोटारसायकल मी माणसांतच धरते, कारण तिचं दुखणं तुम्ही सगळ्यांच्या आधी सांगता.) फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुमचा फोन मामी उचलतात, स्पीकरवर लावतात आणि मग आपलं बोलणं अख्ख्या गल्लीला घरबसल्या ऐकू जातं. म्हणून हे पत्र एस.टी.चे ड्रायव्हर शेषेराव काका यांच्या हाती पाठवतेय. घरी न देता थेट तुमच्या कचेरीतच द्या, असं त्यांना दोनदा बजावलंय.

तर झालं असं. मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजात 'ताणातून लाभ' या विषयावर व्याख्यान झालं. बाहेरगावाहून एक सर आले होते. टेन्शन हा शत्रू नाही, ती ताकद आहे, तिला कामाला लावा, असं ते सांगणार होते. पण त्यांचा प्रोजेक्टरच लागेना. पाच मिनिटांत सरांचा शर्ट घामानं चिंब झाला आणि ते शिपायावर असे ओरडले की मागच्या बाकावरची पोरं जागी झाली. नंतर प्रोजेक्टर लागला, सर हसले आणि पहिल्याच चित्रावर लिहिलं होतं, 'शांत राहा.' बाकी सगळे समोशाच्या रांगेकडे पळाले, मी मात्र विचार करत बसले. कारण माझ्या रूमवर टेन्शनची काही कमी नव्हती.

माझ्या रूमवर आम्ही तिघी. उदगीरची शिल्पा, निलंग्याची शिवकांता आणि मी, तिघी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला. परीक्षा आली की शिल्पा मोरी घासायला घेते. फरशी पांढरी पडेपर्यंत थांबत नाही. शिवकांता "अय्यो, अय्यो" करत ज्वारीचं पीठ मळायला बसते आणि भाकरीमागून भाकरी थापते. आणि मला टेन्शन आलं की झोप येते. (मागच्या वर्षी तोंडी परीक्षेत बाईंनी नाव विचारलं तर मला ते आठवेना, हे आईनं तुम्हाला सांगितलंच असेल. मी तेव्हा उभ्या उभ्या झोपेतच होते.) म्हणजे बघा, दोघींना टेन्शन आलं की रूम चकाचक, जेवण तयार आणि मला आराम. ताणातून लाभ म्हणतात तो हाच, असं मला वाटलं.

मग मी थोडं टेन्शन पुरवायला सुरुवात केली. सोमवारी सहज म्हणाले, "ऐकलं का, प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक बाई येणार हायत, लई कडक हायत म्हणे." संध्याकाळी मोरी चमकत होती आणि सहा भाकरी, वर ठेचा. बुधवारी म्हणाले की या वेळी जर्नलचं पान न् पान तपासणार. पंखासुद्धा पुसला गेला, मामा. आमच्या घरमालकीण उमाबाई मुद्दाम वर येऊन पाहून गेल्या आणि पोरी असाव्यात तर अशा, म्हणाल्या. मी नम्रपणे मान खाली घातली.

गुरुवारी मला धपाटे खावेसे वाटले. म्हणून म्हणाले, "प्रॅक्टिकल आठ दिवस अलीकडं आलं म्हणतात." (हे 'म्हणतात' मी प्रामाणिकपणे जोडलं होतं, लक्षात घ्या.) धपाटे झाले, मऊ झाले होते. पण शिल्पानं मोरी घासता घासता ते आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, 'म्हणतात' गाळून.

सकाळी कॉलेजात गेलो तर प्रयोगशाळेच्या दारात साठ पोरं-पोरी. कुणी भिंतीला जर्नल लावून आकृत्या काढून राहिलंय, कुणी रडून राहिलंय. एकाचे वडील तर डाळ मिलमधून तसेच आले होते, अंगावर पिवळी भुकटी घेऊन, आणि तारीख परत जागेवर न्या म्हणून परिचर हणमंतरावांशी भांडत होते. हणमंतराव तेवढे खूश. इतकी जर्नलं इतक्या लवकर पुरी झालेली त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती.

मग आमच्या विभागप्रमुख रत्नम्मा मॅडम आल्या. देगलूरकडच्या आहेत, आवाज बारीक, पण त्या बोलल्या की पंखासुद्धा हळू फिरतो. त्यांनी कुणाचा तरी फोन मागून ग्रुप पाहिला आणि विचारलं, "शिल्पा कोण?"

शिल्पा पुढं गेली. तिच्या हाताची बोटं साबणानं सोललेली होती. मॅडम म्हणाल्या, "अफवा पसरवलीस. या सत्रात तुला प्रॅक्टिकलला बसता येणार नाही." शिल्पा माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलंच नाही. मी खोटं बोलले असेन हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, मामा. ती म्हणाली, "चुकलं मॅडम, मी खात्री करायला पाहिजे होती."

तेव्हा माझी छाती अशी धडधडायला लागली की शेजारच्या पोरीनं वळून बघितलं. पण झोप आली नाही. पहिल्यांदाच आली नाही. मी पुढं गेले आणि बोलायला लागले, ते थांबेचना. परीक्षक बाई, जर्नल, मोरी, ठेचा, धपाटे, सगळं सांगितलं. भाकऱ्यांचा आकडा सांगितला तेव्हा साठ जण हसले. शिवकांता हसली नाही. मॅडमही हसल्या नाहीत, त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "शिल्पा, जा, तू प्रॅक्टिकलला बस. आणि तू, मागच्या वर्षी स्वतःचं नाव न आठवणारी तूच ना?" मी म्हणाले, "हाव मॅडम. धम्मप्रिया."

रूमवर दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. शिवकांता मोजून दोघींच्याच भाकरी करायची. मी बिस्किटं खाल्ली. तिसऱ्या दिवशी शिल्पानं ब्रश माझ्या हातात दिला आणि मोरीकडं बोट दाखवलं. मी घासायला बसले. घासता घासता आपोआप रसायनशास्त्राचं पुटपुटायला लागले, तांब्याचं मीठ निळं, निकेलचं हिरवं, कोबाल्टचं गुलाबी. शिल्पा दारात उभी होती. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "आणि लोखंडाचं?" मी सांगितलं. तिनं दुसरं विचारलं. शिवकांतानं आतून तिसरं विचारलं, आणि मग भाकरीही विचारली. मामा, बसून वाचलं की मला पेंग येते, पण हाताला काम असलं की सगळं डोक्यात राहतं, हे मला एकोणिसाव्या वर्षी मोरीत कळलं.

काल प्रॅक्टिकल झालं. बाहेरच्या परीक्षक बाई खरंच आल्या, खरंच कडक होत्या. (हे मी आधीच सांगितलं होतं, पण आता ते बोलायची सोय नाही.) सहा प्रश्न विचारले. पाचांची उत्तरं दिली, सहाव्याला मोठ्यानं "येत नाही" म्हणाले. बाई म्हणाल्या, "बरं, बस." एकंदरीत तुमची भाची आता टेन्शनला घाबरत नाही.

आजोबांना आणि मामींना जय भीम सांगा. मोटारसायकल जपून चालवा.

तुमची भाची,
धम्मप्रिया

ता. क. : रत्नम्मा मॅडमनी मला प्रॅक्टिकलला बसू दिलं, पण पालकांना भेटल्याशिवाय लेखी परीक्षेचं हॉल तिकीट देणार नाहीत. सोमवारी सकाळी अकरा वाजता पालक म्हणून तुम्ही यायचं आहे. बाबांना सांगायची माझी हिंमत नाही आणि आईला तर अजिबातच नाही. वर जे घाबरत नाही असं लिहिलंय, ते परीक्षेपुरतं समजावं.

ता. क. दुसरं : मॅडमना मी सांगून ठेवलंय की आमच्या घरात सगळ्यात शिस्तीचा आणि कडक माणूस म्हणजे माझे मामा. तेव्हा आल्यावर मला थोडं रागवा. हसू आलं तर खोकला काढा.

ता. क. तिसरं : आईचा आत्ताच फोन आला होता. रविवारी सकाळी ती बिलोलीला तुमच्याकडे राहायला येतेय, मंगळवारपर्यंत. सोमवारी पहाटे नवा शर्ट घालून लातूरला कशाला निघालात, हे तिला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. थोडं टेन्शन येईल, मामा. घ्या. लई फायद्याचं असतं.