इथल्या तळ्यासाठी घेतलेली बोट

बाबा,

तुमची बोट काल गॅरेजच्या माळ्यावरून खाली काढली. धूळ इतकी की निळा रंग आधी पुसून शोधावा लागला, पण सांधे सगळे शाबूत आहेत. तुम्ही एकेका सांध्याला इपॉक्सीचा गोंद लावून तो वाळेपर्यंत राखण करत बसायचात, आणि आई वरून ओरडायची, की बेसमेंटमधला वास पोळ्यांना लागतोय. आज त्या गोंदाच्या डब्यावरची धूळ झटकताना तोच वास येतोय असं मला उगाचच वाटलं.

तेव्हा आपल्या घरात कुठलीही वस्तू आली की आईचा एकच प्रश्न असायचा. ‘तिकडे चालेल का?’ तिकडे म्हणजे पुण्याला. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं, आपल्याला न्यू जर्सीत येऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि दरवर्षी तुम्ही म्हणायचात, ‘अजून दोन वर्षं, मग जाऊच.’ त्या जाण्याची तयारी बेसमेंटमध्ये रचून ठेवलेली. तिकडच्या विजेवर चालणारा २२० व्होल्टचा मिक्सर, २२० व्होल्टची इस्त्री, सगळी खोकी तशीच बंद. वर आई कुरकुरणाऱ्या जुन्या मिक्सरशी झटापट करायची, पण खाली कुणाला हात लावू द्यायची नाही. मला मात्र जायचं नव्हतं. मी नुकतीच हायस्कूलला गेले होते, मैत्रिणी झाल्या होत्या, आणि तुमचं ते ‘जाऊच’ ऐकलं की मी जिन्यात जाऊन बसायचे.

आणि एका शनिवारी तुम्ही ते लांबट खोकं घेऊन घरात शिरता. आत प्लायवूडच्या पट्ट्या, छोटी मोटर, आणि काठावरून बोट चालवायला हातात धरायचा रेडिओ. ऑफिसमधल्या कुणीतरी तुम्हाला तळ्यावर नेलं काय, आणि बातम्या बघता बघता घोरणारे तुम्ही एका दिवसात खुळावलात काय! आई कणीक मळतेय. हात परातीतच ठेवून ती विचारते, ‘तिकडे चालेल का?’ तुम्ही रेडिओ उलटसुलट करून बघता. ‘नाही. याची फ्रीक्वेन्सी इथली आहे. तिकडे लायसन्सची भानगड होईल.’ मग हळू आवाजात, ‘ही इथल्या तळ्यासाठी आहे गं.’

आई पुन्हा कणीक मळायला लागली. आपल्या तिघांनाही कळलं होतं. ज्याला परत जायचंय तो माणूस इथल्या तळ्यासाठी बोट घेत नाही. मी वर जाऊन उशीत तोंड खुपसून आनंदाने ओरडले. खाली आले तर आईकडे बघवेना.

नंतर ती तुमच्याशी कामापुरतंच बोलायची. तुम्ही बेसमेंटमध्ये, ती वर, आणि मी जिन्यात. बोट पहिल्यांदा पाण्यात ठेवली ती बाथटबमध्ये. ‘डॅड, इट्स लीनिंग,’ मी दारातून म्हणाले. ‘मराठीत,’ तुम्ही मान वर न करता म्हणालात. ‘कलतेय,’ मी सांगितलं. मग तुम्ही स्वयंपाकघरातून मुगाची डाळ पळवलीत, लहान लहान पिशव्यांत भरून बोटीच्या पोटात इकडेतिकडे ठेवत राहिलात, ती सरळ तरंगेपर्यंत. पिशव्या गळक्या निघाल्या. आईने ओली डाळ बघितली. ‘अहो, ही आता कोण खाणार?’ तुम्ही म्हणालात, ‘बोट.’ मी एकटीच हसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही डाळीऐवजी गळाला लावायची शिशाची वजनं आणलीत.

बोट तळ्यात सोडायच्या रविवारी आई आपणहून गाडीत येऊन बसली. पातळावर जाड कोट, आणि पिशवीत नारळ, हळदकुंकू. ‘नवं वाहन आहे. तसंच कसं सोडायचं?’ काठावर टोप्या घातलेले पाच-सहा गोरे आपापल्या बोटी घेऊन उभे. तिने बोटीच्या नाकावर कुंकू लावलं, दगडावर नारळ फोडला आणि पाणी बोटीवर शिंपडलं. तुम्ही नुकतीच बॅटरी बसवली होती. झाकण उघडंच होतं. पाणी आत गेलेलं तुम्ही बघितलंत, मीही बघितलं. इंजिनियर माणूस तुम्ही, त्या पाण्याने काय होणार ते तुम्हाला माहीत होतं. रुमालाने आत टिपलंत आणि झाकण लावलंत.

काय सुंदर गेली ती! पार मध्यापर्यंत. आणि मग सुकाणू एका बाजूला अडकलं आणि ती गोल गोल फिरायला लागली. तुम्ही रेडिओची काडी हलवताय, ती ऐकत नाहीये. बॅटरी संपेपर्यंत फिरली आणि तिथेच उभी राहिली. एका म्हाताऱ्याने गळाच्या दोरीला टेनिसचा बॉल बांधून तिच्यापलीकडे फेकला आणि तिला ओढत काठाला आणलं. झाकण उघडून हुंगलं. ‘कोकोनट? वेल, दॅट्स अ फर्स्ट!’

आई नारळाची दोन्ही भकलं धरून उभी होती. मला वाटलं, आता ही अपशकुन म्हणणार, तुम्ही चिडणार, आणि आपण पुण्याला जाणार. आईने एक भकल त्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं. मग पदराने बोट पुसत, तुमच्याकडे न बघता म्हणाली, ‘पुढच्या रविवारी नारळ घरीच फोडू.’

तुम्ही फक्त ‘हो’ म्हणालात. घरी येईपर्यंत बोट तिच्या मांडीवर होती. ‘तिकडे चालेल का’ हे तिने त्यानंतर कधीच विचारलं नाही. मी कित्येक वर्षं समजत होते की त्या दिवशी मी जिंकले. आता ते वाक्य आठवलं की जिंकल्यासारखं वाटत नाही, बाबा. तिची आई, तिच्या बहिणी, तिचं सगळं गाव तिने त्या एका ‘पुढच्या रविवारी’त सोडून दिलं, आणि वर बोट पुसून दिली.

तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली! आई माझ्याकडे असते. मिक्सर अजून खोक्यात आहे. तुमचा रेडिओ बॅटऱ्या झिरपून गंजलाय, म्हणून आज नवा आणायला गेले, आई गाडीत थांबली. दुकानदार सगळं समजावून सांगत होता आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, ‘विल इट वर्क इन इंडिया?’ तो म्हणाला, हल्लीचे हे जगात कुठेही चालतात.

गाडीत बसल्यावर आईने विचारलं, ‘काय म्हणाला?’ मी म्हटलं, ‘चांगला आहे म्हणाला.’

हे पत्र पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. हा तिकडेही चालतो. तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.