लहान आवाजात गोड वाजणारा ॲम्प

रविवार, ९ मार्च

ती. दादास,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर आपली गाडी 'बरं आहे ना' आणि 'बरं आहे' यांच्यापुढे जात नाही, आणि मला जे विचारायचं आहे ते दोन मिनिटांत मावणारं नाही, म्हणून कागद घेतला. चिऊ कॉलेजात जाते, माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि मला अक्कल शिकवते. तुझी भावजय शाळेत गणित शिकवते आणि घरी आल्यावरही आम्हा दोघांना विद्यार्थीच समजते. मी अजून कारखान्यात आवाजच मोजतो. कुठल्या यंत्राजवळ कानांत बोळे घालायचे नि कुठे नाही, हे माझ्या सहीशिवाय ठरत नाही.

आता कामाचं बोलतो. घरात वाजवायला एक छोटा ॲम्प घ्यायचा आहे. चिऊसाठी. तू इथे ठेवून गेलेली इलेक्ट्रिक गिटार कपाटावरून खाली आली आहे, तारा नव्या बसवल्या आहेत. पण तुझा तो फ्रिजएवढा ॲम्प तू जाताना कुणाला तरी देऊन टाकलास, आणि ॲम्पशिवाय ही गिटार म्हणजे काचेपलीकडचा माणूस, ओठ हलतात पण ऐकू काही येत नाही.

काल चिऊला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेलो. गिटार खांद्याला आणि कारखान्याचा मीटर खिशात. मीटर काउंटरवर ठेवला आणि दुकानातल्या बाईंना सांगितलं, नव्वद डेसिबलच्या वर जाणारा नको. बाईंनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही आवाज घ्यायला आलाय की पकडायला?"

तीन ॲम्प निघाले. पहिला काडेपेटीहून जरासा मोठा. तो थेट गिटारमध्येच खुपसायचा आणि हेडफोन लावून ऐकायचं. वाजवणाऱ्याची मैफल होते, आणि समोरच्याला वाटतं याला काहीतरी झालंय. दुसरा जेवणाच्या डब्याएवढा, कडी धरून या खोलीतून त्या खोलीत नेता येतो, बॅटरी दिवसभर पुरते. मूर्ती लहान पण कीर्ती महान! बटण अर्धं फिरवलं तर शोकेसची काच थरथरली आणि माझा आकडा थेट नव्वदला जाऊन टेकला. तिसरा त्याहून थोडा मोठा नि जड. त्याची बॅटरी चार तासांत मान टाकते. त्यात दोन गिटारी एकदम लावायची सोय आहे. बाई म्हणाल्या, "वाजवणारं माणूस एकच ना? मग दोन कशाला?" मी म्हटलं, असू दे, बघतो.

दोन तास गेले. वहीत रकाने आखून वजन, बॅटरी, सगळ्यात मोठा आवाज, सगळ्यात लहान आवाज, सगळं टिपलं. चिऊने वहीत डोकावून विचारलं, "बाबा, पण छान कुठला वाजतो?" तो रकाना मी आखलाच नव्हता.

घरी येऊन वही पुढे घेऊन बसलो, तर ही म्हणाली, "दादांना विचारा. त्यांच्याइतकं त्यातलं कुणाला कळतं? आणि विचारताय तर खरं काय ते लिहा." म्हणून विचारतोय. बाईंनी आठवडाभर तिन्ही बाजूला ठेवलेत.

तुझा
धाकटा


सोमवार, १७ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

तुझं उत्तर शुक्रवारी मिळालं. तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या छापील कागदावर मोजून पाच ओळी. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, जिन्यातच उभ्या उभ्या वाचलं, आणि घरात येऊन या दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं:

"मोठ्या आवाजात सगळेच बरे वाटतात. लहान आवाजात गोड वाजेल तो घे. बॅटरी आठ तासांची हवी. हेडफोनची सोय बघून घे, घरात कुणाला त्रास नको. आणि चिऊ डावखुरी आहे, माझी गिटार उजव्या हाताची. वाजवतंय कोण?"

चिऊ हसता हसता सोफ्यावरून खाली आली. "काकांना आठवतंय!" सहा वर्षांची असताना ती तुझी गिटार उलटी धरून बसायची आणि तू कधी सरळ करून दिली नाहीस. म्हणायचास, तिचा हात तिला कळतो. मी मात्र सख्खा बाप असून रंगेहाथ पकडला गेलो. खोटं बोलायचं तर निदान पोरीचा हात तरी आधी बघून घ्यावा ना!

वाजवतोय मी. आठ महिने झाले. त्या दुकानातल्या बाईच दर गुरुवारी संध्याकाळी मला शिकवतात. त्रेपन्नाव्या वर्षी बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत, ते मी कारखान्यात ज्याला त्याला दाखवत हिंडतो. ही म्हणते मला म्हातारचळ लागलाय. पण मी वाजवायला बसलो की पेपर तपासताना तिची मान डुलत असते, आणि माझा ताल चुकला तरी तिची मान चुकत नाही. दादा, काय मजा येते रे! हे तू मला आधी का नाही सांगितलंस, असं लिहिणार होतो. तू सांगत होतास. मीच कानांत बोळे घालून बसलो होतो.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र मी घाईघाईने वाचून पुढे गेलो. 'घरात कुणाला त्रास नको.' तू ती टोमणा म्हणून लिहिली नाहीस हे मला माहीत आहे, तुझा तो स्वभावच नाही. म्हणूनच ती जास्त लागली.

अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी मी मीटर घरी आणला होता. आठ तास यंत्रांच्या खडखडाटात काढून आलो होतो, हे खरं, पण ती सबब झाली. तुझ्या बंद दाराबाहेर उभं राहून मी आकडा घेतला, कागदावर लिहिला आणि दाराखालून आत सरकवला. 'ब्याण्णव डेसिबल. एवढ्याला आम्ही कामगारांना कान झाकायला लावतो.' खाली सही, तारीख आणि वर खात्याचा शिक्का. पाठच्या भावाने शिक्का मारलेला कागद दिला तुला. त्यापेक्षा ओरडलो असतो तर तूही ओरडला असतास, आणि रात्री आपण एका टेबलावर जेवलो असतो. तू एक शब्द बोलला नाहीस. वाजवणं तेवढं थांबलं. महिन्याच्या आत तू दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलंस आणि सगळ्यांना सांगितलंस की दुकानाला तिथे चांगली जागा मिळाली. मीही लोकांना तेच सांगत आलो.

चूक माझी होती. मला माफ कर. अकरा वर्षं दर फोनला हे अगदी ओठांवर यायचं आणि मी 'बरं आहे ना' म्हणून मोकळा व्हायचो.

शनिवारी ॲम्प घेतला. मीटर कारखान्यातच ठेवून गेलो. बाईंनी तिन्हींचे आवाज अगदी बारीक केले, मी डोळे मिटून ऐकलं, आणि तिसरा निवडला. आठ तासांची बॅटरी हे तुझं म्हणणं मोडलं, त्याबद्दल रागावू नकोस. पण तो लहान आवाजात खरंच गोड वाजतो, आणि मला दोन गिटारींचाच हवा होता.

दुपारी घरी आणून लावला. बाईंचा धडा वाजवायला घेतला आणि बोटं आपली आपण भलतीकडेच वळली. असं पूर्वीही एकदा शिकताना झालं होतं, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला? मी तर नाही." मी काय सांगणार? भिंतीने शिकवलं. तू रोज संध्याकाळी पलीकडच्या खोलीत जी चाल रचत होतास, तीच ही. मी कानांवर उशी दाबून पडायचो, आणि तरी ती सबंध पाठ झाली. ॲम्पमधून ती घरभर झाली तेव्हा हिने पेपर बाजूला ठेवले. चिऊ स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, किती सुंदर आहे हे! थांबलात का? पुढे?"

पुढचं मला येत नाही, दादा. माझा कागद दाराखालून आत आला, तेव्हा तू तिथपर्यंतच पोचला होतास.

तुझ्याकडे दुसरी गिटार आहे की नाही, मला ठाऊक नाही. नसली तरी रिकाम्या हाताने ये. ही तुझीच आहे, मी बाईंची मागून आणतो. आवाज किती ठेवायचा ते तू ठरव.

अर्ध्या चालीवर थांबलेला
तुझा धाकटा