सुशीला पाणी न पिता गेली

अड्याळ, मंगळवार, ऑगस्ट १९७९

आज सुशीला आली होती, नर्स म्हणून. जाऊबाईंच्या बाळाला सुई टोचायला. पांढरी साडी, मनगटावर घड्याळ. शाळेत तिला दाराशी वेगळं बसवायचे, आम्ही पुढे. मग तिला सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, भंडाऱ्याला वसतिगृह मिळालं. मला बाबांनी सातवीतूनच काढलं. तिच्या लोकांनी किती सोसलं, म्हणून सरकारनं हात दिला, हे कळतं मला. तरी ते घड्याळ डोळ्यांत सलत राहिलं. गुण तर माझे जास्त असायचे. मला का नाही कोणी विचारलं?

काम झाल्यावर तिनं पाणी मागितलं. सासूबाई लोटा घेऊन आल्या. "ओंजळ कर वो, वरून टाकतो."

सुशीला शांतपणे म्हणाली, "मावशी, गिलासात देत असाल त द्या. नाई त राहू द्या."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. सुशीलानं पिशवी उचलली, "बाळाले ताप आला त घाबरू नका," असं जाऊबाईंना सांगितलं आणि तहानलेलीच गेली.

घड्याळ केव्हाच विसरले. तिचं ते "राहू द्या" मात्र जीव जाळतंय. या घरात मला ते आजवर एकदाही म्हणता आलेलं नाही.