लाल झाकणाची बाटली

विंझर, गुरुवार, दिवस मावळताना

रात्रभर गार पाण्यात भिजवलेली कॉफी सकाळी गाळून लाल झाकणाच्या बाटलीत भरली, फ्रिजात ठेवली. मामांच्या गड्याला, दामूअण्णांना म्हणालो, लाल झाकणाच्या बाटलीत कॉफी आहे, दुपारी प्या, मस्त लागते. आणि धरणाकडं भटकायला गेलो. कशाला गेलो?

आलो तर बाटली न्हाई. मामी म्हणाली, "तणनाशक फ्रिजात ठेवतं व्हय रं कुणी, येड्या? गोठ्यात ठेवलं, तसल्याच लाल झाकणाच्या दुसऱ्या बाटलीशेजारी."

गोठ्यात एकच बाटली. झाकण लालच. उघडली तर कॉफीचा वास आला.

दुसरी दामूअण्णांनी फवारायला नेली असेल. पण पंप तर खुंटीवरच आहे.

ते घरी आले तर, म्हणून मामीनं मला हितं बसवलंय. मामा बांधावरनं हाका मारतायत. अजून ओ न्हाई.