मंगळवारची अंडी

घरून, ता. ९ जानेवारी

चि. टिकटिकरावांस, ताईचे अ.उ.आ. आणि लांबूनच एक टपली.

नाही रे बाबा, पाण्यात मीठ टाकून काही होत नाही. चिमूटभर टाक नाहीतर पोतं रिकामं कर, अंडं ते अंडंच. तुला हे सांगितलं कोणी? त्या भांडी घासणाऱ्या बाईंनी? म्हणजे नोकरीला आठ दिवस झाले नाहीत तोवर बायकांचे सल्ले घ्यायला लागलास! बावन्न वर्षं लग्नाचं नाव काढलं नाहीस, आता दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जाऊन दिवे लावतोयस होय?

जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलणाऱ्या घड्याळजीला अंडं सोलता येत नाही, हे वाचून मी एकटीच एवढी हसले की शेजारीण कुंपणावरून डोकावली. कोण आलंय म्हणून विचारत होती. कोणी नाही म्हटलं, पत्र आलंय.

इकडे सगळं ठीक. थोरल्या जाऊबाई, म्हणजे ती तुरेवाली कोंबडी, बाकीच्यांना टोचून टोचून हैराण करते. नाव ठेवलं तसे गुण. तुझी अकरा घड्याळं भिंतीवर आहेत. किल्ली देत जा म्हणून सांगून गेलास, पण कोणत्याला किती पिळायचं ते विसरले. म्हणून एकालाच देते, बाकीची दहा गप्प. काल सवयीने चहा दोघांचा टाकला. तुझा कप निवेपर्यंत वाट बघितली, मग तोही मीच प्यायले. वाया कशाला घालवायचा?

तिथे थंडी असेल. कानाला गुंडाळत जा, तुझे कान आधीच सुपाएवढे. लोभ आहे तेवढा पुरे, पत्र मात्र लवकर येऊ दे.

तुझी ताई


खोलीवरून, ता. १५ जानेवारी

ती. ताईस शि.सा.न.वि.वि.

पत्र पोचलं. भांडी घासणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत आणि त्यांना पणतू आहे. तेव्हा ते दिवे विझव.

तू हसतेस, पण माझा जीव टांगणीला लागलाय. रोज एकशेऐंशी अंडी. साडेसहाला उकळायला टाकायची, सव्वासातला सोलून वॉर्डात. कवच काढायला गेलं की पांढरंही त्याला चिकटून येतं, उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं. काल दात नसलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी ताटली परत पाठवली आणि हे आधी कोणी चाखून बघितलंय का, असं विचारलं. आमच्या स्वयंपाकघराच्या मुख्य, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या ओरडत नाहीत. फाटलेली अंडी मोजतात आणि फळ्यावर आकडा लिहितात. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी नेमणूक फेब्रुवारीअखेरपर्यंत कच्ची आहे. तेव्हा पक्की करतील, नाहीतर घरी पाठवतील.

मी वहीत लिहून ठेवतो. व्यापारी सोमवारी सगळ्या आठवड्याचा माल टाकून जातो. मंगळवारी एकाहत्तर फाटली, गुरुवारी चाळीस, शनिवारी नऊ. आधीच्या आठवड्यातही साधारण असंच. पाणी तेच, पातेलं तेच, मिनिटं तीच. यात काहीतरी आहे, मला दिसत नाही एवढंच.

तुझा जन्म कोंबड्यांत गेला. माहीत असेल तर चेष्टा बाजूला ठेवून सांग. दुकान बंद झाल्यावर तीन वर्षं तुझ्या घरी बसून जेवलो. तू कधी चकार शब्द काढला नाहीस, पण दुसरी भाकरी मागताना माझी मलाच लाज वाटायची. बॅटरीची घड्याळं आल्यापासून माझं काम कोणाला नको. इथून काढलं तर या वयात मला दुसरं कोणी ठेवणार नाही.

खोली इस्त्रीच्या दुकानावर आहे, त्यामुळे फरशी कोमट असते. रविवारी दिवसभर कोणाशी बोललो नाही. संध्याकाळी आवाज आहे की गेला ते बघायला किती वाजले ते मोठ्याने म्हटलं. सहा वाजून दहा.

प्रकृतीस जपावे. आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
टि.


घरून, ता. २० जानेवारी

चि. टिकटिकरावांस अ.उ.आ., वि.वि.

वही बघितली हो तुझी, म्हणजे पत्रातली. एवढे आकडे शाळेत लिहिले असतेस तर मास्तरांनी छड्या कमी मारल्या असत्या.

त्यात काही गूढबिढ नाही. रविवारी सुट्टी असते, हात आखडतो. मंगळवारपर्यंत आखडलेला असतो, शनिवारपर्यंत मोकळा होतो. बायकांचं रोजचं असतं, म्हणून त्यांना कळत नाही. पुरुषमाणसाचा हात म्हणजे गंजलेली कडी. आणि दुसरं म्हणजे तो व्यापारी. असला कुठला कुठला माल, कोंबडीला तरी आठवत असेल का कधी घातलं ते? अंडं पाहिजे ताजं. सकाळी घातलं, सकाळी उकडलं. मोठ्या बाईंना स्पष्ट सांग, आठवड्याचा माल बंद करा आणि जवळच्या पाळणाघरातून, कोंबड्यांच्या म्हणते मी, रोजच्या रोज मागवा. ऐकतील. तू जरा मिशीला पीळ देऊन सांग.

दूधगाडीवाल्याबरोबर तीन डझन पाठवतेय, भुशात नीट बसवून. गरम होती तेव्हाच टोपलीत घातली. थोरल्या जाऊबाईंनी दोन दिली, तीही उपकार केल्यासारखी.

तुझं कोपऱ्यातलं स्टूल मी हलवलेलं नाही. झाडताना त्याच्या भोवतीने झाडते.

लोभ वाढवायची गरज नाही, पण कमीही करू नकोस.

तुझी ताई


खोलीवरून, ता. ३० जानेवारी

ती. ताईस शि.सा.न.वि.वि.

टोपली पोचली, एकही फुटलं नव्हतं. तुझं डझनभर उकडलं, तेही फाटलं. म्हटलं माझाच हात. उरलेली खाटेखाली सरकवून ठेवली. दिवसभर अंडीच बघतो, खायची वासना राहिली नाही.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मोठ्या बाईंना सुचवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, मग आठवडाभर करून बघू म्हणाल्या. दवाखान्यामागेच कोंबड्यांची मोठी पोल्ट्री आहे, तिथून रोज सकाळी अंडी आली. हाताला ऊब लागेल इतकी ताजी. मी अगदी आशेने पातेलं चढवलं.

पहिल्या दिवशी एकशे बारा फाटली. दुसऱ्या दिवशी एकशे वीस. तिसऱ्या दिवशी वॉर्डात अंडी गेलीच नाहीत, कुस्करून भातात घातली. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं की ही अक्कल कोणाची. माझी, असं सांगितलं. तुझं नाव कशाला घेऊ? त्यांनी फळा पुसला आणि आता आकडा लिहिणार नाही म्हणाल्या. अखेरीला जे ठरवायचं ते ठरवीन म्हणाल्या.

मास्तरांना भेटून माफी मागितली. त्यांना आता नीट बोलता येत नाही. त्यांनी माझा हात उलटसुलट करून बघितला आणि सोडून दिला.

यात तुझी चूक नाही. मीच कुठेतरी कमी पडतोय. अजून चार आठवडे आहेत.

तुझा,
टि.


घरून, ता. ३ फेब्रुवारी

चि. भावास आशीर्वाद.

वाचलं. कोणाला काय जमेल याचा काही नेम नसतो. मनाला लावून घेऊ नकोस.

नाही जमलं तर ये घरी. मी काही कोणाला सांगत बसणार नाही. तुझी गादी उन्हात घातली आहे, उशीचा अभ्रा नवा शिवलाय. नोकरी काय, असली तर असली. दोन माणसांना लागतं ते किती?

काल किल्ली द्यायला विसरले आणि तेही एक घड्याळ बंद पडलं. घरात एवढी शांतता झाली की मी कोंबड्यांना आत घेतलं. घाण केली, पण आवाज झाला.

कळव.

ताई


खोलीवरून, ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस शि.सा.न.वि.वि.

उत्तराला उशीर झाला. कारण ऐकलंस तर उडशील.

पाच तारखेला रविवार होता. खोलीत खायला दुसरं काही नव्हतं म्हणून तुझी टोपली खाटेखालून ओढली. पंधरा दिवस झाले होते, नासली असतील असं वाटलं. पाण्यात टाकून बघितली. एकही तरंगलं नाही, नुसती बुडं वर करून उभी राहिली. त्यातली आठ उकडली. पहिलं अंडं बोटाने दाबलं आणि कवच अंगरखा काढावा तसं एका दमात सुटलं. दुसरं तसंच. ताई, आठच्या आठ गुळगुळीत! मी खोलीत एकटा उभा राहून हसत होतो.

मग दुकानातून ताजी आणली. पेन्सिलीने एकेकावर तारीख घातली आणि खिडकीत ठेवली. रोज एक दिव्यासमोर धरून बघायचो. जाड बुडाकडे एक पोकळी असते, ती दिवसादिवसाने मोठी होत जाते. ताजं अंडं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं, आठ-दहा दिवसांनी सोडतं. मंगळवारचं कोडं तेच होतं. शनिवारपर्यंत माझा हात मोकळा होत नव्हता, अंडी जुनी होत होती. शिवाय गार पाण्यात चढवायची नाहीत, पाण्याला खळखळून उकळी आली की झाऱ्याने अलगद सोडायची, अकरा मिनिटं, मग लगेच गार पाणी. आणि सोलायला सुरुवात जाड बुडाकडून.

मोठ्या बाईंना वही दाखवली. व्यापाऱ्याचा माल आता एक आठवडा आधी घेऊन ठेवतो. काल एकशेऐंशीत चार फाटली. त्यांनी फळ्यावर पुन्हा आकडा लिहिला, त्याखाली रेघ ओढली. आज नेमणूक पक्की झाल्याचा कागद मिळाला. मास्तरांची ताटली रिकामी आली.

तुझ्या सल्ल्याचं मनात आणू नकोस. तुझ्याकडे अंडं टोपलीत पडतं आणि तव्यावर जातं, तुला शिळ्या अंड्याचे गुण कुठून कळणार? उलट तू पाठवलीस म्हणूनच उलगडलं.

आता इथेच राहायचं ठरतंय. खोली बदलायची गरज नाही. तू एकदा येऊन जा.

लोभ असावा असं तुला लिहायला नको, तरी लिहितो.

तुझा,
टिकटिक


घरून, ता. २८ फेब्रुवारी

चि. टिकटिकरावांस ताईचे अनेक आशीर्वाद आणि या वेळी टपलीऐवजी पाठीवर थाप.

पक्का झालास! मी शेजारणीला कुंपणावरूनच ओरडून सांगितलं. तिने विचारलं काय करतो तो तिथे, तर म्हटलं दवाखान्यात मोठा माणूस आहे, त्याच्या हातून गेल्याशिवाय रोग्यांच्या तोंडात घास जात नाही. खोटं आहे का? अंगरखा काढल्यासारखं अंडं सुटलं म्हणतोस. तुझे अंगरखे तर लहानपणी मी ओढून काढायचे, तेव्हा तू फाटल्यासारखा रडायचास.

थोरल्या जाऊबाई खुडूक होऊन अंड्यांवर बसल्यात. अंगाला हात लावू देत नाहीत. तुझी गादी परत गुंडाळून ठेवली. येईन कधीतरी, कोंबड्यांना कोणाच्या गळ्यात मारता आलं तर. मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग. मास्तरांनाही सांग.

लोभ आहेच, तो कुठे जातोय.

तुझी ताई

ता.क. पाकीट चिकटवलं होतं, चहाच्या वाफेवर धरून परत उघडलं. मला माहीत होतं. तू शहरात घड्याळं शिकत होतास तेव्हा तुझे भावोजी आणि मी चार वर्षं थेटराबाहेर उकडलेली अंडी विकायचो. आठ-दहा दिवस पलंगाखाली ठेवल्याशिवाय एक अंडं पातेल्यात टाकलं नाही. तुझी मंगळवार-शनिवारची वही वाचली आणि उत्तर तिथल्या तिथे कळलं. तरी हात आखडतो म्हणून लिहिलं, ताजी घे म्हणून लिहिलं. सगळ्यांसमोर तू माझं नाव घेतलं नाहीस ते वाचूनही गप्प बसले. तुला तिथून काढून टाकावं असं मला वाटत होतं. तू परत यायला हवा होतास, आणि हरून आला असतास तरी मला चाललं असतं.